दिसते एक, दाबले जाते दुसरे
ब्राउझरच्या इंजिनातील दोष कसे ओळखतात आणि कसे दुरुस्त करतात

व्यापारात नफ्याच्या आधी मेळ पाहावा लागतो. गोदामात शंभर थान आणि वहीत पंच्याण्णव, असे निघाले तर चोरी झालेली नसली तरी दुकानाची घडी विस्कटते. आज कापडाचे नमुने मोबाईलच्या पडद्यावर पाहिले जातात आणि मागणीही बऱ्याचदा तेथेच नोंदवली जाते. अशा वेळी गिऱ्हाइकाने निळ्या रंगावर बोट ठेवावे आणि हिरवा निवडला जावा, किंवा ‘मागणी निश्चित करा’ हे बटण डोळ्यांना दिसावे पण दाबले जाऊ नये, तर नुकसान कोणाचे? माल परत येतो, येण्याजाण्याचे भाडे अंगावर पडते आणि जुने गिऱ्हाईक नाराज होते ते वेगळेच. दोष मात्र कधी गिऱ्हाइकाच्या बोटावर ढकलला जातो, तर कधी पान तयार करणाऱ्या मुलावर.

दोष पानात असू शकतो, तसाच तो पान दाखवणाऱ्या ब्राउझरच्या पोटातही असू शकतो. कोठे आहे हे ठरवण्याची एक रीत आहे. ती समजून घेतली तर व्यापाऱ्याला फसवणे कठीण होते आणि निरपराध माणसावर आळही येत नाही. म्हणून हा पाठ.

इंजिन म्हणजे काय?

ब्राउझर हे वरचे दुकान. आतला कारखाना म्हणजे इंजिन. मजकूर, चित्रे आणि सजावटीचे नियम इंटरनेटवरून येतात. त्यांचे पडद्यावरील पान बनवण्याचे काम इंजिन करते. ब्राउझर पुष्कळ असले तरी मोठी इंजिने आज तीनच आहेत.

पहिले वेबकिट. केडीई या मुक्त प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनावरून अ‍ॅपल कंपनीने ते तयार केले आणि २००३ साली सफारी ब्राउझरबरोबर जाहीर केले. दुसरे ब्लिंक. गुगलचा क्रोम २००८ मध्ये आला तेव्हा तोही वेबकिटवरच चालत होता. एप्रिल २०१३ मध्ये गुगलने त्यातून ब्लिंक वेगळे काढले. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही जानेवारी २०२० पासून याच घराण्यात आला. तिसरे मोझिलाचे गेको, ज्यावर फायरफॉक्स चालतो. तिन्ही इंजिनांचा मूळ मजकूर सर्वांना वाचण्यास खुला आहे आणि तिघांच्या तक्रारवह्याही खुल्या आहेत.

व्यापाऱ्याने एक गोष्ट येथेच टिपून ठेवावी. आपल्याकडे आयफोनवर क्रोम उघडला तरी आतले इंजिन वेबकिटच असते. दुसरे इंजिन वापरण्याची मुभा अ‍ॅपलने २०२४ मध्ये दिली ती युरोपीय संघापुरती. म्हणून आयफोनवर सफारी आणि क्रोम दोन्हींत पाहिले, ‘दोन ब्राउझरांत तपासले’ असे म्हणणे म्हणजे एकाच थानाचे दोन तुकडे दाखवून दोन नमुने म्हणण्यासारखे आहे.

पान तयार होण्याचे टप्पे

इंजिन प्रथम आलेला मजकूर वाचून त्याचे झाड तयार करते: पानात विभाग, विभागात परिच्छेद, परिच्छेदात बटण. मग प्रत्येक फांदीला रंग, अक्षराचा आकार, समास असे नियम लावते. तिसऱ्या टप्प्यात मांडणी होते, म्हणजे कोणती वस्तू कोठे व केवढी हे ठरते. चौथ्यात चित्रण होते. पाचव्यात निरनिराळे थर एकमेकांवर ठेवून अंतिम चित्र पडद्यावर जाते. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका फेरीसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात.

या कारखान्यात तीन खाती आहेत, असे समजा. पहिले दिसण्याचे, दुसरे सरकण्याचे, तिसरे स्पर्शाचे. बोट नेमके कोणत्या वस्तूवर पडले याच्या निवाड्याला संगणकाच्या धंद्यात ‘हिट-टेस्टिंग’ म्हणतात. डोळ्यांना जे बटण दिसते, ते पडद्याच्या दृष्टीने केवळ रंगाचे ठिपके असतात. ठिपक्यांना आपण बटण आहोत हे माहीत नसते. म्हणून बोट लागताच इंजिनाला पुन्हा हिशोब करून ठरवावे लागते की या जागी काय आहे. दिसणे आणि दाबले जाणे यांचा हिशोब असा दोनदा होतो. दोन्हींचा मेळ तुटला की दोष उघडा पडतो.

दिसण्याचे दोष

छपाईत एक रंग जराही सरकला तर नक्षी बिघडते. पानाचेही तसेच आहे. कोणता थर वर आणि कोणता खाली याचा क्रम प्रमाणग्रंथांत ठरवून दिलेला आहे. पण जास्त घोटाळे होतात ते पुसण्यात. काही बदलले की इंजिन सगळे पान पुन्हा रंगवत नाही, बदललेला चौकोनच रंगवते. त्यामुळे वेळ आणि बॅटरी वाचते. वस्तू हलली तर तिची जुनी जागा आणि नवी जागा, दोन्ही पुन्हा रंगवाव्या लागतात. जुनी जागा विसरली तर मागे डाग राहतो. नवी विसरली तर वस्तू अर्धवट दिसते.

याचे चांगले उदाहरण उर्दू वाचणाऱ्यांना लगेच कळेल. नस्तालिक खतात शब्द वरून सुरू होऊन तिरका खाली उतरतो. अक्षरांची शाई ओळीसाठी आखलेल्या चौकोनाबाहेर जाते. इंजिनाने केवळ ओळीचा चौकोन मोजला तर अक्षरांची टोके कापली जातात, किंवा मजकूर बदलल्यावर जुन्या शब्दाची शेपटी पडद्यावर तशीच राहते. मराठीतही वरच्या मात्रा आणि खालचे उकार या कात्रीत सापडतात. इलाज असा की मांडणीचा चौकोन वेगळा आणि शाई जेथपर्यंत पोहोचते तो चौकोन वेगळा मोजायचा, आणि पुसताना दुसरा वापरायचा. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये अक्षरे जोडण्याचे काम हार्फबझ नावाची प्रणाली करते. हे नाव फारसीतून आले आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले.

जुन्या लोकांना २००१ सालचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ आठवत असेल. त्याच्या एका दोषात बाजूला तरंगत ठेवलेल्या चित्राशेजारचा मजकूर गायब होई आणि पान वरखाली केले की परत येई. त्या लपंडावावरून त्याला ‘पीकाबू’ हे नाव पडले होते.

सरकण्याचे दोष

पान बोटाने वर ढकलले की ते तत्काळ सरकले पाहिजे. म्हणून आधुनिक इंजिनात सरकवण्याचे काम वेगळ्या धाग्यावर ठेवलेले असते. संगणकवाले कामाच्या प्रवाहाला ‘थ्रेड’, म्हणजे धागाच म्हणतात. मुख्य धागा मांडणी, चित्रण आणि पानातील प्रोग्राम सांभाळतो. दुसरा धागा तयार थर उचलून सरकवतो. मुख्य धागा कामात अडकला तरी पान सरकत राहते. पण फार वेगाने सरकवले आणि पुढचा भाग रंगवून तयार नसला, तर कोरे पट्टे दिसतात.

पानातील प्रोग्रामला ‘मी स्पर्श अडवणार आहे’ असे म्हणण्याचा हक्क असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी दुसऱ्या धाग्याला मुख्य धाग्याची परवानगी घेण्यासाठी थांबावे लागे आणि पान अडखळे. २०१७ साली क्रोमने संपूर्ण पानावर लावलेल्या अशा पहारेकऱ्यांना ‘पाहा, पण अडवू नका’ असे आपोआप धरण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी क्रोममध्ये दुसरी सुधारणा आली. वरची चित्रे उशिरा उतरली की खालचा मजकूर घसरे आणि वाचणाऱ्याचे बोट भलत्याच ठिकाणी पडे. आता इंजिन नजरेसमोरच्या एका वस्तूला खुंटी मानून तितकेच अंतर स्वतः भरून काढते. फायरफॉक्सने ही सोय २०१९ मध्ये आणली.

मोबाईलवर पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते. त्यामुळे पडद्याची उंची बदलते आणि तळाशी ठेवलेले बटण पट्टीखाली जाते. पानाच्या कारागिराला लहान, मोठी व बदलती अशा तीन उंची वेगवेगळ्या सांगता याव्यात म्हणून नवी मापे ठरली. २०२२ साली तिन्ही इंजिनांत ती येऊन पोहोचली.

स्पर्शाचा निवाडा

चित्रण खालच्या थरापासून वरच्याकडे होते. निवाडा उलट दिशेने होतो: सर्वांत वरच्या थरापासून खाली शोध घेत जायचे आणि बोटाखाली सापडलेली पहिली पात्र वस्तू धरायची. येथे ‘पात्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नियमाने लपवलेली वस्तू पात्र नसते. ‘स्पर्श माझ्यातून जाऊ द्या’ असे सांगितलेली वस्तूही पात्र नसते. गोल कोपऱ्याच्या बाहेरचा भाग आणि चौकटीने कापलेला भाग मोजायचा नाही. परंतु पूर्ण पारदर्शक केलेली वस्तू दिसत नसली तरी पात्र असते. पुष्कळ पानांवर बटण ‘मेलेले’ वाटते ते यामुळे. वर एक पारदर्शक पडदा विसरून राहिलेला असतो, आणि तो दोष इंजिनाचा नसून पानाचा असतो.

वस्तू फिरवलेली वा मोठी केलेली असेल तर तोच हिशोब उलटा करावा लागतो. चित्र दीडपट केले असेल आणि बोट ३०० पिक्सेलवर पडले असेल तर मूळ चित्रात ती जागा ३०० भागिले १.५, म्हणजे २०० होय. वस्तू शून्य आकाराची केली तर उलटा हिशोबच होत नाही; मग ती दिसतही नाही आणि दाबलीही जात नाही.

फरक किती, ते आधी मोजा

आता पाठाचा मुख्य भाग. रोजमेळात फरक आला तर जाणता मुनीम आधी फरकाचा आकडा पाहतो. आकड्यावरून चूक कोणत्या जातीची ते कळते. स्पर्शाच्या दोषातही असेच आहे.

एक : चूक सरकलेल्या अंतराइतकी असेल तर. समजा पान ६०० पिक्सेल वर सरकले आहे आणि बोट पडद्याच्या वरच्या कडेपासून १२० वर पडले. साध्या वस्तूसाठी पानातली जागा १२० अधिक ६००, म्हणजे ७२०. परंतु पडद्याला खिळवलेले बटण पानाबरोबर सरकत नाही. त्यासाठी जागा १२०च. इंजिनाने खिळवलेल्या बटणालाही ६०० मिळवले तर ते ७२० वर शोधेल आणि रिकाम्या हाताने परतेल. २०१७ साली आयफोनच्या आयओएस ११ मध्ये याच कुळातला दोष दिसला होता. पान सरकलेले असताना खिळवलेल्या खिडकीतील रकान्यात लिहू लागले की लुकलुकणारी रेघ रकान्याबाहेर भलतीकडेच दिसे.

दोन : चूक पत्त्याच्या पट्टीच्या उंचीइतकी असेल तर पट्टी दिसण्या-लपण्याचा हिशोब दोन ठिकाणी वेगळा झाला आहे.

तीन : पडद्याच्या कडेपासून जितके दूर जावे तितकी चूक वाढत असेल तर लहानमोठे करण्याचे प्रमाण सुटले आहे. दीडपटीच्या उदाहरणात भागाकार विसरला तर ३०० वर १०० ची चूक पडते, १५० वर ५० ची.

चार : चूक एकाच पिक्सेलची, केसाएवढी असेल तर पूर्णांकाचा घोळ आहे. १०० पिक्सेलचे तीन समान रकाने पाडले तर प्रत्येकी ३३.३३ येतात. असे अपूर्णांक सांभाळण्यासाठी वेबकिट व ब्लिंक एका पिक्सेलचे ६४ भाग करतात, गेको ६० भाग करते. पण पडद्याला पूर्ण ठिपकेच लागतात. चित्रणाने ६६.६६ चे ६७ केले आणि निवाड्याने ६६ केले, तर एक ठिपक्याची उभी पट्टी दिसते एका रकान्याची आणि दाबली जाते दुसऱ्याची.

पाच : चूक कधी येते, कधी येत नाही, आणि वेगाने सरकवतानाच येते, तर दोन धागे एकमेकांच्या मागेपुढे आहेत. डोळ्यांना नवी जागा दिसते. निवाडा जुन्या जागेवर होतो.

दुरुस्तीची रीत

तक्रार हाती आली की कारागीर प्रथम पान छाटतो. हजार ओळींच्या पानातून एकेक भाग काढत जायचे आणि दोष टिकतो का पाहायचे. शेवटी वीस-पंचवीस ओळी उरतात आणि दोष त्यांत उघडा दिसतो.

नंतर दोष केव्हा शिरला ते शोधतात. जुने इंजिन ठीक, नवे बिघडलेले आणि मध्ये हजार बदल, अशी स्थिती असेल तर हजार वेळा तपासावे लागत नाही. मधला बदल तपासायचा आणि कोणता अर्धा भाग निर्दोष ते ठरवून तो सोडायचा. असे निम्मे-निम्मे करत गेले की दहा फेऱ्यांत एकच बदल उरतो. थानात डाग कोठून सुरू झाला ते पाहताना आपण थान मध्येच उलगडतो, त्यातलाच हा प्रकार.

मग खरी दुरुस्ती. येथे मोह असा असतो की जेथे ६०० जास्त येतात तेथे ६०० वजा करून मोकळे व्हावे. हे म्हणजे फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून ताळा जुळवणे. आज जुळते, उद्या खिळवलेल्या खिडकीत दुसरी सरकणारी पट्टी आली की चूक उलट्या बाजूने उगवते. योग्य इलाज हा की चित्रण आणि निवाडा दोघांनी जागेचा आकडा एकाच खतावणीतून घ्यावा. ब्लिंकमध्ये यासाठी फिरवणे-हलवणे, कापणे, पारदर्शकतेसारखे परिणाम आणि सरकणे अशी चार वेगळी झाडे ठेवली आहेत. वस्तू कोठे दिसते ते या नोंदींवरून निघते. पूर्णांक करण्याचा नियमही एकच हवा. दोन धाग्यांच्या दोषात, निवाड्यापूर्वी मुख्य धाग्याने सरकलेले ताजे अंतर नोंदवून मांडणी अद्ययावत करावी लागते.

शेवटची पायरी चाचणीची. दुरुस्तीबरोबर छाटलेले पान कायमच्या चाचण्यांत जमा होते. दिसण्याच्या दोषासाठी एकाच चित्राची दोन पाने दोन रीतींनी लिहितात आणि ठिपक्याला ठिपका जुळतो का ते यंत्र पाहते. स्पर्शासाठी ‘या बिंदूवर कोण?’ असे इंजिनाला विचारून उत्तर पडताळतात. २००५ साली ‘अ‍ॅसिड २’ नावाच्या एका हसऱ्या चेहऱ्याच्या चाचणीने सर्व ब्राउझरांची परीक्षा घेतली होती. आज ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ हा तिन्ही इंजिनांचा सामाईक संच आहे. २०२२ पासून ‘इंटरॉप’ या उपक्रमात अ‍ॅपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला दरवर्षी काही विषय मिळून निवडतात. सरकणे हा विषय त्यात येऊन गेला आहे. बाजारात स्पर्धक असलेल्यांनी माप मात्र एकच ठेवावे, ही गोष्ट कापडवाल्यांनी मीटरच्या पट्टीवरून ओळखावी.

व्यापाऱ्याने काय करावे?

१. दोष दिसताच पान तिन्ही इंजिनांत पाहावे : अँड्रॉइडवर क्रोम व फायरफॉक्स, आयफोनवर सफारी. तिघांत सारखाच दोष असेल तर बहुधा पानाचा; एकातच असेल तर इंजिनावर संशय घ्यावा.

२. पान अगदी वर असताना आणि खाली सरकवल्यावर, दोन्ही वेळा बटण दाबून पाहावे. फरक कोठे पडतो ते चित्रासह टिपावे.

३. फोनचे नाव, त्यातील प्रणालीचा व ब्राउझरचा क्रमांक, काय केले, काय अपेक्षित होते आणि काय झाले, इतके लिहावे. ‘पान चालत नाही’ ही तक्रार नव्हे. ‘६०० सरकवल्यावर खालचे बटण दाबले जात नाही, वर असताना दाबले जाते’ ही तक्रार होय. तक्रारीत गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता वा मागणीचा तपशील घालू नये. वह्या सर्वांना खुल्या असतात.

४. बटणे ऐसपैस ठेवून घ्यावीत. वेबच्या २०२३ च्या सुलभता नियमांनी कमीत कमी २४ गुणिले २४ पिक्सेल सांगितले आहे. अ‍ॅपलची शिफारस ४४ ची आणि गुगलची अँड्रॉइडसाठी ४८ ची आहे. ‘निश्चित करा’ आणि ‘रद्द करा’ शेजारी चिकटवू नयेत.

५. पैसे घेण्यापूर्वी निवडलेला रंग, मीटर आणि दर गिऱ्हाइकाला पुन्हा वाचून दाखवणारे पान अवश्य ठेवावे. इंजिन चुकले तरी सौदा चुकत नाही.

इंजिनातील दुरुस्ती घरातल्या फोनपर्यंत पोहोचण्यास आठवडे वा महिनेही लागू शकतात, आणि जुने फोन बदलत नाहीत. तोवर वाट पाहत बसणे व्यापाऱ्याला परवडणारे नाही. पानाच्या कारागिराकडून तात्पुरती सोय करून घ्यावी आणि तक्रारही नोंदवावी. नीट लिहिलेली एक तक्रार पुढे चाचणी बनून राहते आणि तोच दोष पुन्हा आला तर बाजारात येण्याआधीच पकडला जाण्याची आशा असते. तोवर गिऱ्हाइकाचा फोन आला की ‘तुमचेच बोट चुकले’ असे म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारावा : पान किती सरकले होते?